पुन्हा सारव

आमच्या आईला वाकडं म्हणून काही खपत नसे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या घरी ओसरी सारवायचं काम माझं. शेणाच्या सारवणात हाताचा एक जरी वळसा चुकला, की ती बादलीभर पाणी त्यावर ओतायची. "पुन्हा सारव." केवढीशी होते मी! रडले तर म्हणायची, "रड, पण हात चालू ठेव." गावात मात्र तिचंच कौतुक, पोरगी कशी चोख निघाली! आणि मी निघालेही. दरवर्षी पहिली. दुसरी आले तर मेलेलं बरं, असं मला खरंच वाटायचं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी गोंदियाला रसायनशास्त्राच्या पेपरात पहिल्याच उत्तरात एक समीकरण चुकलं. खोडलं. पान घाण दिसायला लागलं, म्हणून अख्खं उत्तर खोडून नव्या पानावर घेतलं. तिथे अक्षर बिघडलं. तेही खोडलं. शेवटची घंटा झाली तेव्हा मी पहिल्याच प्रश्नावर होते. सगळं येत होतं हो मला!

नापास झाले. मग भिंतीकडे तोंड करून पडले ती पडलेच. वेणी नाही, आंघोळ नाही, घास गिळवेना. जगायचाच वीट आला होता. आई दारातून म्हणायची, "काऊन पडून राहिली? तोंड दाखवायले जागा नाही ठेवली तू." शेजारणी यायच्या. "लय शिकलं का डोकं फिरते, बाई." आई त्यांना चहा करून द्यायची.

दिवाळीच्या तोंडावर फेरपरीक्षा आली. हीही गेली तर शिक्षण बंद, असं आईने बजावलं आणि स्वतः कॉलेजच्या फाटकाशी येऊन बसली. आत पुन्हा एक समीकरण चुकलं. खोडायला पेन टेकवलं. तेवढ्यात अशी चीड आली, की म्हटलं, राहू दे मेलं वाकडं! पुढचा प्रश्न घेतला.

"काही चुकलं?" बाहेर आल्याबरोबर आईचा प्रश्न.

"चुकलं. तसंच ठेवलं."

ती उठून एसटीकडे चालू लागली. त्या पेपरात मी काठावर पास झाले, पण ते पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी दिवाळीसाठी ओसरी सारवायला बसले. कोपऱ्यात वळसा चुकला. आईने बादली ओतली.

"पुन्हा सारव."

मी हात धुतले, आत गेले आणि ताटात भात वाढून घेतला. कित्येक दिवसांनी भूक लागली होती. आई दारात आली.

"खाय. नापास पोरीले भूक बरी लागते."

मी आणखी भात वाढून घेतला.