सरपंच सुमनताई

कशेळ्याकडच्या एका ग्रामपंचायतीत मी लिपिक होतो. सुमनताई तिथे सरपंच झाल्या, पण ग्रामसभेत खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. "बसलं का मानूस ऐकायचा थांबतो रं," असं म्हणत उभ्यानेच सभा चालवत.

डोंगरावर खडीमशीन लावण्याचा ठराव आला. सुरुंगांनी वरच्या वाडीची घरं हादरतील म्हणून त्यांनी आधी वाडीतल्या बायकांना बोलायला लावलं. तेवढ्यात मशीनचा मालक माणसं घेऊन आत शिरला. हा तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा भाऊ. त्याच्या पहारीच्या पहिल्या घावाने सुमनताईंचा हात मोडला. दुसरा घाव मध्ये पडलेल्या धाकट्या दिराच्या, दत्तूच्या डोक्यात बसला. भिंतीवर रक्त उडालं. कर्जतला नेईपर्यंत दत्तू गेला.

खटला पनवेलला चालला. बरेच साक्षीदार उलटले. सुमनताईंच्या साक्षीला पुढारी स्वतः येऊन पहिल्या बाकावर बसला आणि त्यांच्याकडे रोखून बघू लागला. न्यायाधीश म्हणाले, "साक्ष संपेपर्यंत आपण बाहेर थांबा." तो हसून ओळख सांगू लागला. "बाहेर," एवढंच ते म्हणाले. पुढारी उठून गेला आणि सुमनताईंनी साक्ष दिली. पुढे मालकाला जन्मठेप झाली.

निकालाच्याच संध्याकाळी दत्तूचा तरणा मुलगा रोशन भावकीतली पोरं घेऊन मालकाचं घर पेटवायला निघाला. आत बायका होत्या. सुमनताई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"बाजूला हो, मोठीआई. माझा बाप मेलाय."

"माझा दीर मेलाय रं. कोर्टानं शिक्षा दिली ना? मंग यांना जाळायचा हक तुला कुनी दिला?"

रोशनने दगड भिरकावला. सुमनताईंचा डावा डोळा फुटला. रक्त बघून पोरं पांगली.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. 'पडून लागलं म्हणा,' असा घरच्यांचा हट्ट होता. सुमनताईंनी रोशनचं नाव सांगितलं. "त्यांच्या पहारीला कोर्ट आनि आपल्या दगडाला माफी, असं नाय व्हनार," त्या म्हणाल्या.

रोशनला तुरुंगवास झाला. पुढच्या निवडणुकीत भावकीनेच सुमनताईंना पाडलं.

तो सुटला त्या दिवशी भावकी गाडी घेऊन जेलच्या दारात हजर होती. सुमनताईंना घेऊन मीही गेलो होतो. आम्ही लांब, एका बाजूला उभे होतो. रोशन बाहेर आला, गाडीपाशी थांबला, मग आमच्याकडे चालत आला. बराच वेळ तो त्यांच्या मिटलेल्या डोळ्याकडे बघत राहिला.

"अजून दुखतो का गं?"

"थंडीत दुखतो," सुमनताई म्हणाल्या.