पेटीचा स्वभाव

आमच्या घरात हळू बोलणं म्हणजे आजारपण. लग्न होऊन रोहण्याला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला तापाची गोळी आणून दिली होती, कारण दिवसभरात माझ्या तोंडून दहा शब्दही निघत नव्हते. माझं माहेर समुद्रपूरचं. तिथे भाजीत मीठ कमी असलं तर वडील मुकाट्याने उठून मीठ घ्यायचे. इथे मीठ कमी असलं की शेजारच्या तीन घरांना कळायचं. वर्षभरात मीही ओरडायला शिकले. नुसती शिकले नाही, सगळ्यांच्या पुढे गेले. "ढवळ्याजवळ बांधला पवळ्या, वाण नाई पण गुण लागला," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत, आणि त्यात कौतुकच जास्त असे.

मग सासूबाई गेल्या. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि मला वाटलं, आता घर शांत होईल. दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं की आवाज तेवढाच आहे आणि तो एकटा माझा आहे. नवरा ओरडायचं विसरून गेला होता. तो सकाळीच संत्र्याच्या बगिच्यात जाऊन बसायचा. घरात उरलो मी आणि आमची अकरा वर्षांची मुलगी.

त्या हिवाळ्यात बचत गटातून आम्हाला मधमाश्यांच्या चार पेट्या मिळाल्या. सातेरी माश्या, आपल्याकडच्याच. बगिच्यात झाडांखाली पेट्या ठेवल्या. तीन पेट्या गरीब गायीसारख्या, झाकण काढलं तरी माश्या आपल्या कामात. चौथीच्या मात्र दहा पावलांवरून गेलं तरी अंगावर यायच्या. नवरा तिला सासूबाईंची पेटी म्हणायचा. माझी पेटी म्हणायची त्याची छाती नव्हती.

शिकवायला एक सर यायचे. पेटी उघडायच्या दिवशी घरात केळंसुद्धा आणू देत नसत. एक माशी चावली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या पेटतात, म्हणून. पेटीचा राग मोजायची त्यांची रीतही सोपी होती. काळ्या कापडाचा गोळा काठीला बांधून दारापुढे हलवायचा आणि किती माश्या तुटून पडतात ते पाहायचं. मी विचारलं, हा राग येतो कुठून? ते म्हणाले, काही राणीकडून येतो, काही ती ज्या नरांशी जुळली त्यांच्याकडून, आणि काही पेटीकडून. रागीट पेटीतली पिल्लं शांत पेटीत जन्मली तर पुष्कळदा शांत निघतात. उलटंही होतं.

माझा विश्वास बसेना. मी कोणाचंही बोलणं तसंच गिळणारी बाई नाही. मी रागीट पेटीतली, पिल्लांची घरं मेणाने बंद झालेली एक चौकट काढली, तिच्यावरच्या माश्या झटकल्या आणि ती शांत पेटीत बसवली. मुलगी सोबत होती. माश्या जन्मू लागल्या तशी ती त्यांच्या पाठीवर आपल्या लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका ठेवायची. नवी माशी फिकट आणि मऊ असते, ती चावत नाही. एवढ्या हलक्या हाताने ती ठिपका ठेवायची की माशी चालता चालता थांबायचीसुद्धा नाही. तो हलका हात तिने कुठून आणला कोण जाणे. माझा तर नव्हता.

तीनेक आठवड्यांनी लाल ठिपक्याच्या माश्या दारावर पहाऱ्याला बसलेल्या दिसल्या. सरांनी काळा गोळा हलवला. चार-दोन माश्या आल्या, त्यांत ठिपक्याची एक. बाकीच्या बसून राहिल्या. रागीट राणीच्या लेकी, आणि बसून राहिल्या. मग आम्ही उलटंही केलं. शांत पेटीतल्या पिल्लांना रागीट पेटीत दिलं, ठिपका हिरवा. त्या हिरव्या माश्या गोळ्यावर कशा तुटून पडल्या ते मी उभी राहून पाहिलं. माझ्याबद्दल एवढं स्पष्ट मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. मी घरी आले आणि कुकर लावला.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी मुलीच्या हातून दूध सांडलं. माझ्या हातात पोळ्या भाजायचा चिमटा होता, तो तसाच तिच्या दंडावर बसला. ती रडली नाही. तव्याकडे पाहून म्हणाली, "आई, पोळी जळून राह्यली."

मी पोळी उलटली. थोड्या वेळाने अंगणातून आवाज आला. ती वासराला काठीने मारत होती आणि म्हणत होती, "किती वेळा सांगू तुले, मुर्दाडा." शब्द माझे, सूर माझा, दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायची जागासुद्धा माझी. नवरा दारात उभा होता. "खाण तशी माती," एवढंच तो म्हणाला.

मी त्याच क्षणी ठरवलं, ही माझ्यासारखी होता कामा नये. बाकी काहीही होवो. राणी बदलता येत नाही, कारण ती मी. मग पेटी बदलायची. समुद्रपूरला माझी धाकटी बहीण राहते, तिला मूल नाही. तिच्या घरी अजून माझ्या वडिलांसारखंच मुकाट्याने मीठ घेतात. शाळा सुरू व्हायच्या आधी मी मुलीला वर्ध्याहून एसटीने तिकडे घेऊन गेले. वाटेत तिने एकच विचारलं, "मी काई केलं का?" मी म्हटलं, "नाई, तिथली शाळा चांगली हाये." निघताना बहिणीला म्हटलं, "तिले सांभाळजो." परतीच्या बसमध्ये मला झोप लागली. हिंगणघाट कधी मागे गेलं ते कळलं नाही.

फोनवर बहीण म्हणायची, "काईच त्रास नाई पोरीचा. घरात हाये का नाई तेही समजत नाई." मी म्हणायची, बरं झालं. मला ते खरंच बरं वाटत होतं. घर शांत झालं होतं, कारण ओरडायला समोर कोणी नव्हतं.

दिवाळीला ती आली. उंच झाली होती. पिशवी दाराशी ठेवून खाटेच्या कडेवर बसली, पाय जुळवून. मी चकल्या तळत होते. नवऱ्यावर कशावरून तरी ओरडले, तशी ती उठली, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि परत जागेवर जाऊन बसली. कपाळावर आठीसुद्धा नाही. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली. माझं लक्ष जाईपर्यंत थांबली.

"आई, पाणी घेऊ का?"

तो माठ तिच्या जन्माच्याही आधीपासून त्या कोपऱ्यात आहे. मी म्हटलं, "घे." ती पाणी प्यायली, तिने गिलास धुतला, पालथा ठेवला. मी गॅस बंद केला. मला ती हवी होती. दूध सांडणारी, वासरावर ओरडणारी, माझ्यावर ओरडली तरी चालणारी.

"आता इथंच राहशीन का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका खाली होता.

"तू म्हणशीन तसं," ती म्हणाली, आणि मी काही म्हणायची वाट पाहत तिथेच उभी राहिली.