आईचा पाव

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला आंधळगावचा बाजार आठवतो. तिथं शिंगाडे विकायला आईनं नवा डिजिटल काटा आणला होता. पाव किलो म्हणजे किलोचा चौथा हिस्सा, म्हणून काट्यावर ०.४ दिसेपर्यंत ती शिंगाडे टाकत राही. अर्धी टोपली अशीच गेल्यावर एक म्हातारी गिऱ्हाईक म्हणाली, "एवढा पाव कुठी असते वं माय! किलोचे चार वाटे करून पाय." आईनं केले. एक वाटा काट्यावर ठेवला, तर ०.२५! आईचा चेहराच उतरला. म्हातारीनं पिशवीतले जास्तीचे शिंगाडे काढले, तर आईनं तिचा हात धरला, "राहू दे आजी, नातवायले ने." आता मी गणित शिकवते. पोरांनी पाव म्हणजे ०.४ लिहिलं की चार वाटे करून दाखवते, पण लाल रेघ काही ओढवत नाही. माझ्या आईचा पाव तेवढाच होता.