सहीचा खोका

"जुनो खंय आसा? आधी जुनो दाखय, मगे नवीन माग."

"मामा, हाच तर जुना. आठ दिवस झाले बसवून."

"आठ दिवसात जुनो? मेल्या, पार्ट आसा काय मेथीची जुडी?"

नंदू रिक्षावाला हसला नाही. चिंधीत गुंडाळलेला व्हील सिलिंडर त्यानं काउंटरवर आपटला आणि शेजारी त्याचा रिकामा खोका ठेवला. व्हील सिलिंडर म्हणजे अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. पण ड्रायव्हरनं पायानं दाबलेला ब्रेक चाकापर्यंत पोचतो तो याच्या जोरावर. हा गळला की नुसता पाय दाबत बसायचं.

"आरेतल्या उतारावर ब्रेक गेला. मागं बाई बसलेली. तबेल्याबाहेर शेणाचा ढीग होता म्हणून वाचलो, त्यातच घातली गाडी. बाईचं कोपर फुटलं. वर मेकॅनिक बोलतो, माल दिंडोशीच्या पाठारे ऑटोचा आहे, घाडीमामाच्या हातचा. ही बघा सही."

सहदेव घाडीनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. सिलिंडर उचलला, तळहातावर तोलला, नखानं खरवडला, नाकाला लावला. बैल घेताना जाणता माणूस दात बघतो, शेपूट बघतो, तसं.

"हो माल आमचो न्हय. हलको आसा. रबर बघ, चपलेचा घातलानी."

"आणि खोका?"

खोका मात्र कंपनीचाच होता. झाकण शाबूत, वरचं सील कापून पारदर्शक पट्टीनं पुन्हा चिकटवलेलं. एका बाजूवर निळ्या पेनानं तारीख आणि खाली ठसठशीत 'घाडी'. अक्षर त्याचंच. सहदेवनं खोका उलटा करून झटकला, तेव्हा घडीतून साबुदाण्याहून बारका पांढरा मणी काउंटरवर टपकन पडला. डुप्लिकेट मालाच्या कारखान्यातलं काहीतरी असणार, असं म्हणून त्यानं तो कागदात बांधला आणि खिशात टाकला.

नंदूला शेणानं तारलं. सहदेवला तारायला मात्र कुणी नव्हतं. कारण असा खोका जगात असूच शकत नव्हता.

त्याचं कारण सांगतो. सुट्या भागांच्या धंद्यात रिकाम्या खोक्याला मालाइतकाच भाव. कंपनीचा खोका मिळाला की त्यात भंगारातला माल भरून विकणारे पुष्कळ. म्हणून सहदेवचा शिरस्ता ठरलेला: विक्री झाली की खोक्यावर तारीख टाकून सही करायची, मग गिऱ्हाइकासमोर उघडायचा, माल दाखवायचा, आणि खोक्याचं झाकण टर्रकन फाडूनच हातात द्यायचा. सही कशाला, तर माल परत आला तर तो आपलाच की दुसऱ्या कुणाचा हे कळावं. मेकॅनिक लोक तर खोका नेतच नाहीत. पार्ट खिशात टाकतात, खोका काउंटरवर सोडून जातात. तोही फाडायचा. हे शिकवलं थोरल्या शेटनी, भाऊरावांनी. सहदेव एकोणीस वर्षांचा असताना त्यानं एक खोका न फाडता दिला होता, तेव्हा भाऊरावांनी त्याला दिवसभर दुकानाबाहेर उभा केला होता. त्याला आता तेहेतीस वर्षं झाली. भाऊराव गेले, काउंटर तोच, शिरस्ता तोच.

त्याचा बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. गिरणी बंद पडल्यावर सगळं घर परळहून दिंडोशीच्या वसाहतीत आलं. बापाला पुढाऱ्यांनी फसवलं, दलालांनी फसवलं, सख्ख्या चुलतभावानं खोलीच्या कागदावर फसवलं. हे सगळं पोरानं बघितलं आणि मनाशी गाठ मारली. त्यामुळं सहदेवनं दूध घेतलं तरी बोट बुडवून बघणार, नोट घेतली तरी उजेडात धरणार. सख्ख्या मेव्हण्यानं आंब्याची पेटी पाठवली तर वरचा थर काढून खालचा बघणार. दुकानात याचा फायदाच झाला. 'घाडीमामाची सही' म्हटलं की गोरेगावापासून मालाडपर्यंतचे मेकॅनिक डोळे झाकून माल घ्यायचे.

धाकटे शेट यज्ञेश केबिनमधून बाहेर आले. नंदूचं ऐकलं, खोका बघितला. आवाज चढवला नाही. ते चढवत नाहीत, तेच वाईट.

"सहदेवमामा, काउंटरला माणसं दोन. तुम्ही आणि राजेश. शनिवारी कंपनीचा माणूस येतोय, हा खोका त्याच्यापर्यंत पोचणारच. आपली एजन्सी जायची नसेल तर मला नाव पाहिजे. नाही मिळालं तर दोघांनाही घरी बसवावं लागेल."

आज बुधवार होता.

सहदेवला नाव शोधायला वेळ लागला नाही. राजेश. दुसरं कोण? चार वर्षांपूर्वी आलेला, कानात सतत ते फोनचं बटण, गिऱ्हाइकाशी हिंदीतून थट्टामस्करी, दुपारी अर्धा तास गायब. बघत जावं तसं सगळं जुळत गेलं. राजेश फोनवर हळू बोलतो. राजेशनं नवी बॅग घेतली. माळ्यावर माल काढायला राजेश हल्ली आपणहून चढतो, पूर्वी त्याचे गुडघे दुखायचे. गुरुवारी सकाळी सहदेवनं काउंटरखालच्या रिकाम्या खोक्यांच्या तळाशी पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले आणि दिवसभर राजेशच्या हाताकडं बघत राहिला. इतका, की एकाला क्लच केबलच्या जागी ॲक्सिलरेटरची केबल देऊन मोकळा झाला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

दुपारी राजेश चहाला गेला तशी सहदेवनं त्याची बॅग ओढली. आत डबा, छत्री, केसांना लावायच्या काळ्या रंगाची बाटली. डब्याचं झाकण उघडलं तर भेंडी.

"काय मामा, भेंडीत व्हील सिलिंडर घावला का?"

राजेश दारातच उभा. सहदेवचा हात डब्यातच.

"माका नाव व्हया. शनवारपर्यंत," सहदेव म्हणाला. लाजला नाही.

"मग माझंच घे की! मी कलप लावतो, तेपण सांग शेटला." राजेशनं बॅग हिसकून घेतली. "चार वर्षं तुझ्या बाजूला उभा आहे यार. मी एक खोका घेऊन गेलेला बघितलास कधी? उलट तूच नेतोस. रोज संध्याकाळी पिशवी भरून. तुला कोण विचारतंय?"

"ते घराक नेतंय. बायलेक."

"फाडून नेतोस का?"

सहदेवनं काउंटरखालच्या रिकाम्या खोक्यांकडं बघितलं.

घरी नेतो तर फाडायचा कशाला? गेलं वर्षभर तो चांगले, घट्ट, मुठीएवढे खोके निवडून नेत होता. शेवंती, त्याची बायको, नकली दागिन्यांचं काम घरी आणायची. कानातल्यांना मोती ओवायचे, जोड्या लावायच्या. तयार जोड्या ठेवायला खोका झकास. फाटका खोका तिला काय उपयोगाचा? म्हणून नाही फाडला. दुनियेतल्या प्रत्येकाच्या हातात फाडून दिला, एवढा एक हात सोडून.

त्या संध्याकाळी तो रिकाम्या हातांनी घरी गेला. शेवंती खिडकीपाशी उजेडाला बसली होती, पुढ्यात स्टीलची ताटली, ताटलीत मोती. सहदेवनं खिशातला कागद सोडला. त्यातला मणी ताटलीतल्यांच्या शेजारी धरला. तीच गोलाई, तोच पिवळसर झाक असलेला पांढरा.

"आज खोके नाय हाडलास?" शेवंतीनं मान वर न करता विचारलं.

"आधीचे खंय आसत?"

"ते गेले मालाबरोबर. सुंदराबाय घेवन जाता."

सुंदराबाई ही वस्तीत काम वाटणारी मुकादमीण. माल आणून द्यायची, तयार झालेला उचलायची.

"भरलेलेच नेता का रितेसुदा?"

"रितेसुदा मागता. म्हणता, तुझे खोके बरे आसत, जेवडे आसत तेवडे दी. जो खोके देता तेका काम पयला." आता मात्र तिनं मान वर केली. "कित्याक? काय झाला?"

"आणि तुका काय वाटला नाय? रिते खोके कोण कित्याक मागतला?"

"माका कित्याक वाटात? तुमी हाडलास, मी दिलंय. जगाचो संशय घेवचा काम तुमचा. मी मोती ओवतंय." मग तिचा आवाज बदलला. "माझ्यार संशय घेतास काय आता?"

"नाय."

"घेवा की. तेवडाच ऱ्हवला होता."

सहदेवनं तिला खोक्याची गोष्ट सांगितली. रिक्षा, उतार, शेण, बाईचं कोपर, सगळं. शेवंती ऐकत राहिली. हातातली सुई तशीच. मग उठून तिनं पलंगाखालचे उरलेले अकरा खोके बाहेर ओढले आणि एकेक करून त्यांची झाकणं फाडली.

"सुंदराबाय काम बंद करतली," ती म्हणाली.

"करू दी."

"करू दी म्हणणा सोपा आसा. शेटीक काय सांगतलास?"

सहदेवकडं उत्तरं दोन होती. राजेशचं नाव सांगायचं, किंवा नुसतं 'कळलं नाही' म्हणून दोघांनी मिळून घरी बसायचं. राजेशचं नाव तर त्याच्या तोंडात तयारच होतं, दोन दिवस घोळवलेलं. जेवताना त्यानं आमटीभाताचा घास घेतला आणि नेहमीसारखा मिठाला नावं न ठेवता गिळला. शेवंतीच्या तेवढं ध्यानात आलं.

शुक्रवारी दुकान उघडल्या उघडल्या तो केबिनमध्ये गेला. उभ्यानंच बोलला.

"नाव गावला. सहदेव घाडी."

यज्ञेशनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हणजे तुम्ही विकले नाहीत."

"नाय."

"हे कंपनीचा माणूस मानेल?"

"मी त्याच्या जाग्यार असतंय तर मानूक नसतंय," सहदेव म्हणाला.

यज्ञेशनी एक कोरा कागद पुढं सरकवला. मग म्हणाले, "उद्या त्याच्यासमोर हेच सांगा, एक शब्द इकडचा तिकडं नको. त्या सुंदराबाईचं नाव-पत्ता लिहून द्या. पुढचं तो माणूस ठरवेल, माझ्या हातात नाही. आणि मामा, आजपासून खोक्यावर सही राजेश करेल."

तेहेतीस वर्षांत निळं पेन दुसऱ्याच्या खिशात कधी गेलं नव्हतं. सहदेवनं बाहेर येऊन ते राजेशपुढं ठेवलं. राजेशनं त्याच्याकडं बघितलं, पेनाकडं बघितलं, टोपण काढून रिफिल तपासली.

"यात शाई आहे ना? का तीपण डुप्लिकेट?"

"घासून बघ," सहदेव म्हणाला.

अकराच्या सुमारास नंदू आला. सहदेवनंच फोन करून बोलावला होता. नवा सिलिंडर कपाटातून काढला, राजेशनं तारीख टाकून सही केली, सहदेवनं सील तोडून माल नंदूपुढं ठेवला आणि टर्रकन झाकण फाडलं. नंदूनं सिलिंडर उचलला. तळहातावर तोलला. नखानं खरवडला. उन्हात नेऊन रबर दोन बोटांनी दाबून बघितलं, परत आत आला, पुन्हा एकदा खरवडला.

सहदेव काउंटरवर हात टेकून थांबला. त्याला घाई करायचा अधिकार नव्हता.

"ठीक वाटतोय," नंदू शेवटी म्हणाला. "पण गाडीला लावून आरेला एक चक्कर मारतो. मग सांगतो."

"जा. रिकामी ने. पॅसेंजर घेव नको."

नंदू गेला. त्याच्या मागं हेल्मेट घातलेली एक पोरगी उभी होती, हातात काहीच नाही.

"काका, स्कूटीचे ब्रेक शू द्या ना."

सहदेवनं चष्मा खाली ओढला.

"जुने खंय आसत? आधी जुने दाखय."