चौदा सुयांची हरणाबाई

अणदुरात हरणाबाईचं घर विचाराल तर लोक तुम्हालाच विचारतील, "कुठली? चौदा सुयांची का?" नऊ वर्षांची असताना, मेंढरांमागं फिरताना, तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्या काळी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, रोज एक. बापाच्या खांद्यावर बसून बोंबलत जायची आणि बोंबलतच परत यायची. आता पासष्टी उलटली, तरी नव्या माणसाला ती आधी सुयांचा आकडा सांगते, मग स्वतःचं नाव.

मी बलभीम, तिचा शेजारी; मी तिला मावशी म्हणतो. नळदुर्गच्या एका शाळेत कारकून आहे आणि रोज मोटारसायकलवरून जातो-येतो. मोटारसायकल आहे, हाच माझा गुन्हा. गल्लीत कुत्रं शिंकलं तरी मावशीची हाक येते, "बलभीमा, काढ गाडी!" मला कुत्र्यांची भीती वाटते, हे मी या बाईला वीस वर्षं सांगतोय. ऐकेल तर शपथ.

तिचा कायदा एकच. ज्या कुत्र्याला यंदाची सुई नाही, त्यानं मोकळं फिरायचं नाही. उन्हाळ्यात लसीचं शिबिर लागलं की मावशी घोंगडं घेऊन निघते, एकेका कुत्र्यावर टाकते आणि आवळून धरते. कुत्र्यांवर जीव लई. पण भाकरी मात्र लांबूनच फेकणार. कुत्र्याला तिनं हात चाटू दिलाय, असं गावात कुणी पाहिलेलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "चौदा सुया तू घेतल्यास का म्या?"

तिच्या अंगणात हळद्या राहतो. हळदीच्या रंगाचं कुत्रं म्हणून हळद्या. आमचा खंडोबा दिवाळीनंतर पावणेदोन महिने नळदुर्गाला मुक्कामाला जातो, दोन्ही गावांचा तसा करारच आहे. हळद्या पालखीपुढं चालत जातो, देवाबरोबर तिथं राहतो आणि देवाबरोबरच परत येतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही.

यंदा दसऱ्याच्या आठवड्यात मावशीच्या मनात आलं की हळद्या परगावी जाणार, तर जाण्याआधी आणखी एक सुई असलेली बरी. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात वैष्णवी डॉक्टर नव्यानंच आल्या होत्या, आम्ही हळद्याला तिथं नेलं. त्यांनी विचारलं, "यंदाची लस झालीय का?" मावशी बिनदिक्कत म्हणाली, "न्हाय बाई, कुठली!" मी शेजारी उभा. शिबिरात हळद्याच्या सुईच्या वेळी घोंगड्याचं एक टोक मीच धरलं होतं. तोंड उघडणार, तोच मावशीनं माझ्या पायावर पाय दिला.

सुई देऊन घरी आणलं आणि अर्ध्या तासात हळद्याचं तोंड भोपळ्याएवढं झालं. डोळे मिटले, दोनदा ओकला, अंगणात आडवा पडला. मावशीनं मोठ्यानं हंबरडा फोडला. आम्ही त्याला मोटारसायकलवर मध्ये घालून परत दवाखान्यात नेलं. कुत्र्याचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं, आणि मी भीती विसरून गाडी हाणतोय! डॉक्टरांनी सूज उतरायचं इंजेक्शन दिलं. तासाभरानं हळद्यानं डोळे उघडले, तेव्हा मावशीनं सगळं कबूल केलं.

"अहो आजी, एवढ्या लवकर दुसरी कशाला?"

"जादा दिली तर ताकद जादा येती, न्हाय का?"

"मीठ दुप्पट घातलं तर कालवण दुप्पट चांगलं होतं का?"

घरी येताना मावशीनं नवंच काढलं. हळद्या ओकला म्हणजे सुईही बाहेर पडली, ती अंगाला लागलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात हजर. "अजून एक द्या."

डॉक्टर हसल्या नाहीत. "सुई पोटात जात नाही, ओकून बाहेर यायला. आणि आता आणखी दिली तर कुत्रं दगावेल."

"मग कायद्याचं काय? खात्री न्हाय तवर हे बांधलेलंच ऱ्हानार. पालखीला बी न्हाय जायचं."

गंमत म्हणून बोलत नव्हती ती. सुई द्यावी तर कुत्रं जातं, न द्यावी तर नवव्या वर्षापासूनची भीती उरावर बसते. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "रक्त तपासू. पिसाळण्याच्या रोगाशी लढायची ताकद किती आहे, ते रक्तात दिसतं. लांबच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागेल, तीन आठवडे थांबा."

तीन आठवडे हळद्या दावणीला. ढोलकीचा आवाज आला की दोरी ताणायचा, आणि मावशी आत जाऊन डोळे पुसायची.

एवढ्यात नळदुर्गात मी कल्याणप्पांच्या हॉटेलात चहाला थांबलो. म्हातारा मोठा प्रेमळ. देवाच्या मुक्कामात हळद्या याच्याच बाकड्याखाली झोपतो. त्याला वाईट वाटेल म्हणून हळूच सांगितलं की हळद्या यंदा बहुतेक यायचा नाही.

"अय्यो! का हो?"

सुयांची कहाणी सांगितली. कल्याणप्पांनी कपबशी खाली ठेवली. "पण सुई तर म्या देतो की त्याला! दरसाल. मुक्कामाला आला की आठव्या दिवशी. तुमच्या गावचं काय सांगावं, दिली का न्हाय दिली!"

मी एवढा हसलो की चहा नाकात गेला. दोन गावं, दोन मालक, एक कुत्रं, आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा भरवसा नाही!

दिवाळीच्या पाडव्याला डॉक्टरांचा फोन आला. हळद्याच्या रक्तात हवी त्याच्या कितीतरी पट ताकद होती. "आता वर्षभर सुईचं नाव काढायचं नाही. नंतर वर्षातून एकदाच, तीही माझ्यासमोर आणि वर तासभर इथं बसून. एकदा चुकवायची नाही, दोनदा द्यायची नाही."

देवाचा करार आहे तर कुत्र्याचाही होऊ द्या म्हणून मी शाळेच्या कागदावर लिहिलं: सुई अणदूरनं द्यावी, नळदुर्गनं फक्त जेवू घालावं. कल्याणप्पांनी सही केली. मावशीनं दवाखान्यात अंगठा दिला आणि डॉक्टरांपुढं दंड उघडा केला. "माजं बी रगत बघा. त्या चौदा हायत का अजून?"

"असतील नसतील, आजी. पण कुत्रं चावलं तर तुम्हालाही पुन्हा सुया घ्याव्या लागतील."

"आता दंडात देत्यात म्हनं?"

"हो, दंडात. चार-पाचच."

"एवढ्याच?" मावशीला जरा कमीपणाच वाटला.

पालखीच्या सकाळी तिनं हळद्याची दोरी सोडली. भाकरी आणली आणि सवयीप्रमाणं फेकायला हात उचलला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली बसली. भाकरी तळहातावर ठेवून हात पुढं केला. हळद्यानं भाकरी खाल्ली, मग तळहात चाटला, मग बोटं चाटली. मावशीनं हात मागं घेतला नाही. सत्तावन्न वर्षांनी पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू.

"लई मऊ जीभ हाय रं," ती म्हणाली.

ढोलकी वाजली तसा हळद्या पळाला. मावशी नजरेआड होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिली. मग उठली आणि साबणानं दोनदा हात धुतले.