ड्रॅगनच्या राज्यातले दोघे

फलटणच्या रस्त्यावर उकळत्या रसाचा गोड, किंचित जळका वास आला की मी गाडीची काच वर करतो. त्या वासात मित्राचं गुऱ्हाळ आहे. त्या वर्षी आमचं कॉलेज संपलं होतं, त्याचं सैन्यात जायचं ठरलं होतं. तो चुलवाणाच्या तोंडाशी बसून उसाची वाळलेली चिपाडं जाळात सारायचा आणि मी शेजारी बसून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी त्याला मराठीत सांगायचो. एका दुपारी कादंबरीतला सेनापती युद्धाला निघाला आणि राजपुत्राने त्याचं चिलखत बांधता बांधता त्याच्या ओठांवर ओठ टेकले. मी ते गाळलं नाही. मित्राचा हात थांबला. जाळ मंदावला, काहिलीतला रस उकळायचा थांबला आणि त्याचे वडील ओरडले, "आरं जाळ घाल की, गूळ धरायचा न्हाई!" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "त्येंच्यात चालतं व्हय ह्ये?" "चालतं," मी म्हणालो. "त्यात ड्रॅगन बी हाईत न्हवं?" "आहेत." "मग बराबर हाय," म्हणत त्याने चिपाडं आत ढकलली. त्या काहिलीचा गूळ मऊच राहिला, ढेप काही धरली नाही. तो गेला, पुढे त्याचं लग्न झालं. यंदा तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या मुलीने हट्ट धरला म्हणून मी तीच गोष्ट सांगितली, त्या दोघांना वगळून. तो आमच्याकडे पाठ करून बसला होता. गोष्ट संपल्यावर हळूच म्हणाला, "त्ये दोघं मेले व्हय रं?"