डावी बाजू चार वेळा

मी स्ट्रेचरवर उजव्या कुशीवर पडलो होतो आणि माझीच माणसं माझी डावी बाजू तिसऱ्यांदा घासत होती. कानाशी शिट्टी वाजत होती. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की ती आपोआप वाजते. त्यानंतर साधारण दहा मिनिटं मिळतात, तीही माणूस शांत असेल तर. मी अजिबात शांत नव्हतो.

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात ॲसिडची टाकी गळत होती. मी फायर ब्रिगेडचा स्टेशन ऑफिसर. ऑफिसरने बाहेर उभं राहून ऑर्डर द्यायच्या, हा नियम. पण दोन माणसं रजेवर होती, बाहेर बघ्यांची गर्दी होती, आणि मला या वयात हौस आली. घरत नावाच्या फायरमनला घेऊन मी आत गेलो. बाहेरचा चार्ज कोणाकडे दिला? कोणाकडेच नाही. व्हॉल्व्ह बंद केला आणि परतताना सांडलेल्या ॲसिडवर असा घसरलो की घोटाच मोडला. वॉकीटॉकीही गेला. घरतने मला ओढत बाहेर काढलं.

ॲसिडने माखलेल्या माणसाला तसंच ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, तर ड्रायव्हर, नर्स, डॉक्टर सगळेच आजारी पडतील. म्हणून आधी धुवायचं. याला आम्ही डिकॉन म्हणतो. चालता येणारा माणूस शॉवरखाली स्वतः गोल फिरतो. आडव्या माणसाची एक बाजू धुवायची, त्याला उलटवायचं, दुसरी धुवायची, मग सूटची चेन उघडून सूट सोलायचा. मास्क सगळ्यात शेवटी, स्वच्छ जागी नेल्यावर. आधी काढला तर माणूस ॲसिडची वाफ ओढणार.

हे सगळं मीच शिकवलं होतं. प्रत्येक ड्रिलला शेजारी उभा राहून मी म्हणायचो, "हां, झालं. पुढचं." मी म्हटल्याशिवाय कोणी पुढे सरकायचं नाही. याला मी शिस्त म्हणायचो आणि साहेबांसमोर मिरवायचो.

आता मी आडवा आणि ती शिस्त उभी. आमचा सूट म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत बंद पिशवी, सिलिंडर आणि मास्कसकट. आतून ओरडलो तरी पंपाच्या आवाजात बाहेर काही कळेना. शिट्टीही कळेना. मग मी हाताने गोल खूण केली, की मला उलटवा. पण ड्रिलमध्ये त्याच खुणेने मी सांगत असे, ब्रश गोल गोल फिरवा. पोरं आज्ञाधारक. चौथ्यांदा घासायला लागली, जास्त जोर लावून.

तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. बायकोचा चेहरा आठवला.

पाण्याच्या होजवर पापडी गावचा फायरमन मिंगेल होता. तो वाकून माझ्या काचेत बघायला आला आणि त्याला शिट्टी ऐकू आली. त्याने बाकीच्यांना सांगितलं, सरांची हवा संपतेय, उलटवा. तर ब्रशवाला एकजण म्हणाला, सरांनी अजून झालं म्हटलेलं नाही.

मिंगेल ताठ उभा राहिला, पोट पुढे काढलं आणि मास्कमधून गरजला, "अरे, आरती ओवाळताय काय? हां, झालं. पुढचं!"

आवाज माझा, हेल माझा, शेवटचं खाकरणंही माझं. क्षणात मी डाव्या कुशीवर. तो "पुढचं" म्हणत गेला आणि ते करत गेले. बाजू धुतली, चेन उघडली, सूट सोलला. मला स्वच्छ जागी नेऊन मास्क काढला, तेव्हा हवा संपून शिट्टी थांबलेली होती.

प्लास्टर घातल्यावर मिंगेल हॉस्पिटलात आला. दारातच उभा. मी विचारलं, ही नक्कल कधीपासून चालू आहे?

"चार वर्षं झाली, सर. मोठ्या साहेबांनी पण बघितलीय. दोनदा करायला लावली."

मी त्याला तिथेच पुन्हा करायला लावली. शेजारच्या बेडवरचा पेशंटसुद्धा हसला. मग मी मिंगेलचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता ड्रिलमध्ये स्ट्रेचरवर मीच झोपतो, तोंड बंद ठेवून. ऑर्डर कोणीच देत नाही. ज्याचं काम त्याने ओळखायचं आणि पुढे सरकायचं. मिंगेललाही तिथे माझ्या आवाजात बोलायला सक्त बंदी आहे. कँटीनमध्ये मुभा आहे.

साहेबाशिवाय टीम चालते की नाही, हे साहेब उभा असताना तपासून घ्यावं. आडवा पडल्यावर विचारायची सोय नसते.